खडूने आखलेले स्वयंपाकघर

गेल्या वर्षी एक सत्रभर आपल्या मेसची जबाबदारी माझ्याकडे होती. मी शिकवतो भूगोल. मेस हा काही माझा विषय नव्हे. पीटी संपल्यापासून पहिल्या तासापर्यंत नाश्त्याला ३० मिनिटे मिळतात आणि त्यातली २२ मिनिटे नुसती रांग सरकण्यातच जात. शेवटी येणाऱ्या हाऊसची मुले उभ्याउभ्या दूध पिऊन, हातात पावाचा तुकडा घेऊन वर्गाकडे पळत. हे बंद करायचे म्हणून मी जे सुचले ते केले. मेसमध्ये पळत या, असा हुकूम काढला. उशीर करणाऱ्या हाऊसला संध्याकाळी मैदानाच्या जादा फेऱ्या लावल्या. पंधरा दिवस झाले, रांग होती तेवढीच राहिली.

मग एके दिवशी नववीतला एक कॅडेट परवानगी मागून म्हणाला, "सर, आम्ही कितीही पळालो तरी थांबायचं काउंटरपाशीच ना?"

त्याला त्या दिवशी मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. पण त्या प्रश्नावरून मला एका हॉटेलाची गोष्ट आठवली. अमेरिकेतल्या दोन भावांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला होता, आणि त्यातून जगातली सर्वांत मोठ्या उपाहारगृह साखळ्यांपैकी एक उभी राहिली. साखळीचे नाव तुम्हा सर्वांच्या परिचयाचे आहे: मॅकडोनाल्ड्स. आज १०० हून अधिक देशांत तिची ४० हजारांहून जास्त उपाहारगृहे आहेत. सुट्टीत घरी गेल्यावर तुम्ही तिथे जाताच. आज त्या काउंटरच्या पलीकडे काय चालते, ते पाहू.

चालते हॉटेल बंद करणारे भाऊ

मॉरिस आणि रिचर्ड मॅकडोनाल्ड हे मूळचे न्यू हॅम्पशायर राज्यातले. काम शोधत ते कॅलिफोर्नियात आले. तिथे त्यांनी सिनेमाच्या स्टुडिओत सेट हलवण्याची कामे केली, एक चित्रपटगृह चालवून पाहिले. त्यात फारसे यश आले नाही. १९४० साली त्यांनी सॅन बर्नार्डिनो या गावात हॉटेल काढले. ते त्या काळच्या पद्धतीचे 'ड्राइव्ह-इन' होते. म्हणजे गिऱ्हाइकाने गाडी अंगणात उभी करायची, गणवेश घातलेली मुलगी गाडीपाशी येऊन ऑर्डर घेणार आणि जेवण तिथेच आणून देणार. यादीत २५ पदार्थ होते. धंदा उत्तम चालला होता.

तरीही भाऊ समाधानी नव्हते. ऑर्डर येईपर्यंत गिऱ्हाईक ताटकळत बसे. प्लेटा फुटत, काटे-चमचे चोरीला जात. आचारी आणि वाढणाऱ्या मुली सारख्या नोकऱ्या बदलत. त्यांनी विक्रीच्या पावत्या काढून बघितल्या, तेव्हा लक्षात आले की सुमारे ८० टक्के विक्री एकट्या हॅम्बर्गरची आहे. म्हणजे जे पाच गिऱ्हाइकांतले एखादेच मागते, त्यासाठी सगळे स्वयंपाकघर अडकून पडले होते.

१९४८ च्या शरद ऋतूत त्यांनी हे चालते हॉटेल तीन महिने बंद ठेवले. पुन्हा उघडले तेव्हा २५ पदार्थांचे ९ झाले होते. वाढणाऱ्या मुली नव्हत्या. गिऱ्हाइकाने खिडकीशी यायचे. प्लेटांऐवजी कागदी वेष्टन आले. ३० सेंटचा हॅम्बर्गर १५ सेंटला मिळू लागला. आत तर सगळेच बदलले होते. पूर्वी एक आचारी एक ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करी. आता एक जण फक्त तव्यावर मांसाच्या टिक्क्या भाजणार, दुसरा पावावर चटणी-कांदा घालणार, तिसरा पेये भरणार, चौथा काउंटरवर पैसे घेणार. मोटारीच्या कारखान्यात एकेका जागी एकेक काम होते, तीच रीत त्यांनी स्वयंपाकघरात आणली.

लगेच यश मिळाले, असे मात्र झाले नाही. जुनी गिऱ्हाइके गाडीतच बसून भोंगे वाजवत राहिली आणि कोणी येत नाही म्हटल्यावर निघून गेली. विक्री घसरली. पण दोघे भाऊ नव्या पद्धतीवर ठाम राहिले. हळूहळू मुलाबाळांसह कुटुंबे येऊ लागली, कारण आता त्यांना परवडेल अशा दरात आणि न ताटकळता खायला मिळत होते.

टेनिस कोर्टावरची कवायत

या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग आता येतो. नव्या स्वयंपाकघरात तवा कुठे, पाव कुठे, कढई कुठे, हे ठरवायचे होते. कागदावर आराखडा काढला तर माणसे एकमेकांना कुठे धडकतील हे कळत नाही. म्हणून भावांनी घरच्या टेनिस कोर्टावर खडूने स्वयंपाकघर खऱ्या मापाने आखले. रात्री हॉटेल बंद झाल्यावर कामगारांना तिथे बोलावले आणि रिकाम्या हातांनी काम करायला लावले. कोणी हवेत टिक्की उलटतो आहे, कोणी नसलेल्या पावाला चटणी लावतो आहे. जिथे एखाद्याला जास्तीचे पाऊल टाकावे लागे, तिथली रेघ पुसून पुन्हा काढत. शेवटी मांडणी जमली. तिची नक्कल कागदावर उतरवण्याचे काम दुसऱ्या दिवसावर टाकले, आणि रात्री पाऊस येऊन सगळा खडू धुऊन गेला! पुन्हा पहिल्यापासून आखावे लागले.

कॅडेट मित्रांनो, परेडच्या मैदानावर आपण फक्कीच्या रेघा मारतो, वाळूत टेकड्या-नाल्यांची प्रतिकृती करून हालचाली समजावतो, त्यामागचा विचार हाच आहे. चूक जिथे स्वस्तात पडते, तिथे ती आधी करून घ्यावी.

मिक्सर विकणारा माणूस

१९५४ साली या हॉटेलात रे क्रॉक नावाचा विक्रेता आला. वय ५२. एकाच वेळी पाच मिल्कशेक घुसळणारे यंत्र तो विकत असे. इतर हॉटेलांना असे एखाद-दुसरे यंत्र पुरते; या गावातल्या एका छोट्या हॉटेलाने मात्र आठ घेतली होती. म्हणजे एका वेळी ४० शेक! असे कोण आहे, हे पाहायला तो आला आणि खिडकीसमोरची झपाझप सरकणारी रांग बघत राहिला.

भावांनी त्याआधीच काही जणांना आपली पद्धत आणि नाव वापरायचा परवाना दिला होता. यालाच फ्रँचायझी म्हणतात. पण परवाना घेणारा पुढे काय करतो, यावर त्यांचे लक्ष नव्हते. कोणी पदार्थ वाढवी, कोणी दर बदली. क्रॉकने देशभर परवाने देण्याचा करार केला आणि १५ एप्रिल १९५५ रोजी शिकागोजवळच्या डेस प्लेन्स येथे स्वतःचे पहिले उपाहारगृह उघडले. त्याने दोन गोष्टी पक्क्या केल्या. एका माणसाला एका वेळी एकाच उपाहारगृहाचा परवाना द्यायचा, मोठा प्रदेश आंदण द्यायचा नाही. आणि दर्जा, सेवा व स्वच्छता नीट राखली तरच त्याला पुढचा परवाना.

इथे एक क्षण थांबा. आपल्या गावातल्या नाक्यावरचा उत्तम वडापाव आठवा. त्याची चव त्या गाडीवाल्याच्या हातात असते. तो एका वेळी दोन गाड्यांवर उभा राहू शकत नाही. साखळी उभी करायची तर ती हातातली विद्या शब्दांत, मापांत आणि क्रमात उतरवावी लागते. हे किती अवघड असते, ते क्रॉकला बटाट्याने शिकवले.

बटाट्याचा धडा

डेस प्लेन्सला त्याने सॅन बर्नार्डिनोची कृती जशीच्या तशी उचलली. बटाटे त्याच जातीचे, तसेच सोलून, तसेच धुऊन, तसेच तळले. तरीही ते मऊ आणि बेचव लागत. भावांना विचारले, त्यांनाही कारण सांगता येईना. शेवटी बटाट्याच्या जाणकारांनी खोदून खोदून विचारल्यावर उलगडा झाला. कॅलिफोर्नियात बटाटे बाहेर जाळीच्या पेट्यांत ठेवले जात. वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा त्यांना लागे, त्यातले पाणी कमी होई आणि साखरेचे स्टार्च होई. म्हणून ते खरपूस तळले जात. भावांनी हे मुद्दाम केलेच नव्हते! क्रॉकने तळघरात बटाटे ठेवून त्यांच्यावर मोठा विजेचा पंखा सोडला, आणि चव आली.

म्हणजे नुसता क्रम पाठ करून भागत नाही. तो क्रम का आहे, हे माहीत असावे लागते. नाहीतर जागा बदलली की काम बिघडते आणि का बिघडले ते कळत नाही.

हे 'का' शोधून लिहून ठेवण्याचे काम फ्रेड टर्नर या तरुणाने केले. तो तव्यावर काम करायला लागला आणि पुढे कंपनीचा प्रमुख झाला. १९५८ साली त्याने ७५ पानांची कार्यपुस्तिका तयार केली. एक पौंड मांसाच्या बरोबर १० टिक्क्या. म्हणजे एक टिक्की साधारण ४५ ग्रॅमची. तव्यावर सहा ओळी मांडायच्या, पण उलटताना आधी तिसरी, मग चौथी, पाचवी, सहावी आणि शेवटी पहिल्या दोन. असे का? कारण पहिल्या दोन ओळी आचेपासून दूर असत, त्यांना जास्त वेळ लागे. वरवर विचित्र वाटणाऱ्या नियमाच्या पोटात असे कारण होते. १९६१ साली इलिनॉय राज्यातल्या एका उपाहारगृहाच्या तळघरात कंपनीने 'हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी' नावाचे प्रशिक्षण केंद्र काढले. नाव ऐकून हसू येते. पण आपली प्रशिक्षण केंद्रे जे करतात, तेच तिथे होते: वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या माणसांना एकाच रीतीने काम करायला शिकवणे.

साखळी वाढण्यामागे आणखी एक डोके होते, हॅरी सॉनेबॉर्न यांचे. कंपनीने आधी जागा भाड्याने किंवा विकत घ्यायची आणि ती परवानाधारकाला चढ्या भाड्याने द्यायची, ही त्यांची योजना. विक्रीतल्या लहानशा टक्केवारीवर कंपनी जगली नसती. भाड्यावर ती उभी राहिली. शिवाय जागाच कंपनीची म्हटल्यावर नियम मोडणाऱ्यावर वचक राहिला.

खालून वर आलेल्या सूचना

तुम्हाला वाटेल, इतके नियम असतील तर माणसाने डोके वापरायचे कुठे? या साखळीचा इतिहास वेगळे सांगतो.

सिनसिनाटी शहरातल्या लू ग्रोएन या परवानाधारकाचे गिऱ्हाईक बहुतेक कॅथलिक. ते शुक्रवारी मांस खात नसत, त्यामुळे शुक्रवारी दुकान ओस पडे. त्याने माशाचे सँडविच सुचवले. क्रॉकला ते पसंत नव्हते; त्याने पावात अननसाची चकती आणि चीज घालून स्वतःचा पदार्थ काढला. शेवटी १९६२ साली एका शुक्रवारी दोन्ही विकायला ठेवायचे आणि जे जास्त खपेल ते घ्यायचे, असे ठरले. मासा सहज जिंकला. मालकाने हार मानली आणि तो पदार्थ यादीत घेतला. प्रसिद्ध 'बिग मॅक'सुद्धा मुख्यालयात जन्मला नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या जिम डेलिगाटी या परवानाधारकाने तो १९६७ साली विकायला सुरुवात केली.

आपल्याला जवळचे वाटेल असे उदाहरण ॲरिझोना राज्यातल्या सिएरा व्हिस्टा गावचे आहे. शेजारी फोर्ट ह्वाचुका ही लष्करी छावणी. तिथल्या सैनिकांना कामाचा गणवेश अंगावर असताना छावणीबाहेर गाडीतून उतरायला मनाई होती. म्हणजे भूक लागली तरी हॉटेलात पाऊल टाकता येत नसे. तिथल्या उपाहारगृहाने काय केले? सैनिकांनी नियम मोडावा अशी अपेक्षा धरली नाही. भिंतीला भोक पाडून खिडकी बसवली. सैनिक गाडीतच बसून पैसे देऊन पुडके घेऊन जाऊ लागला. जानेवारी १९७५ मध्ये उघडलेली ही मॅकडोनाल्ड्सची पहिली 'ड्राइव्ह-थ्रू' खिडकी. दुसऱ्या काही हॉटेलांत अशा खिडक्या आधीपासून होत्या. पण या साखळीत ती आली ती गणवेशाच्या एका नियमामुळे.

भारतात येताना

१३ ऑक्टोबर १९९६ रोजी दिल्लीच्या वसंत विहार भागात भारतातले पहिले मॅकडोनाल्ड्स उघडले. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्यालाही. पण तयारी कित्येक वर्षे आधीपासून चालू होती. पुण्याजवळ तळेगावला आइसबर्ग लेट्यूसची शेती उभी राहिली, बारामतीच्या डेअरीतून चीज येऊ लागले, थंड गाड्यांची आणि गोदामांची साखळी जोडली गेली. सैन्यात म्हणतात तसे, आधी रसद, मग कूच.

इथे गोमांस आणि डुकराचे मांस यादीतून काढले. मेयोनीज अंड्याशिवाय केले. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची भांडी, जागा आणि माणसे वेगळी ठेवली. शाकाहारी विभागातल्या कामगारांना हिरवे ॲप्रन दिले. बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर तर पूर्णपणे इथलाच. पद्धत कायम ठेवून पदार्थ बदलला, म्हणून ती इथे रुजली.

हिशेबाची दुसरी बाजू

शिक्षक म्हणून मला नुसती स्तुती करून थांबता येणार नाही. १९६१ साली क्रॉकने भावांकडून सगळे हक्क २७ लाख डॉलरला विकत घेतले. सॅन बर्नार्डिनोचे मूळ हॉटेल भावांकडे राहिले, पण नाव विकले गेले होते. स्वतःच्या आडनावाची पाटी उतरवून त्यांना 'द बिग एम' अशी पाटी लावावी लागली. पुढे जवळच नवे मॅकडोनाल्ड्स उघडले आणि भावांचे हॉटेल काही वर्षांत बंद पडले. पद्धत ज्यांनी शोधली, त्यांच्याच नावावर त्यांचा हक्क उरला नाही.

कामाचे इतके लहान तुकडे केले की कामगार लवकर शिकतो. पण त्याला सहज बदलताही येते, आणि म्हणून त्याचा पगार व मान कमी राहतो, ही टीकाही खरी आहे. आणि पालकांना वेगळे सांगायला नको की तळलेले, खारट आणि गोड रोज खाल्ले तर ती सवय शरीराला महाग पडते. हे खाणे कधीतरीचे. मी इथे अभ्यासायला सांगतो आहे ते स्वयंपाकघर, ताट नव्हे.

पुन्हा आपल्या मेसमध्ये

त्या कॅडेटला मी घड्याळ देऊन तीन दिवस काउंटरजवळ उभे केले. त्याने टिपून आणले ते असे: मुले चालत आली काय आणि पळत आली काय, रांग दोन ठिकाणी अडते. एक, जिथे वाढपी प्रत्येकाच्या पावाला समोर लोणी लावतो. दोन, जिथे दलियाचे पातेले संपले की माणूस मागच्या दारापर्यंत जाऊन दुसरे आणतो आणि तोवर सगळे थांबतात.

एका रविवारी बास्केटबॉलच्या मैदानावर फक्कीने मेस आखली. मुख्य आचारी, चार वाढपी आणि अकरावीची एक तुकडी रिकामी ताटे घेऊन उभी राहिली. पहिल्याच फेरीत आचारी म्हणाले, "साहेब, दुधाची टाकी इथं नको, मुलं वळताना सांडतील." ते बरोबर होते, त्यांनी वीस वर्षे हे काम केले आहे आणि त्याआधी त्यांना कोणी विचारले नव्हते. मीही नाही. आता लोणी आधीच लावून ठेवतात, दुसरे पातेले हाताशी असते, दूध शेवटी मिळते. रांग १३ मिनिटांत संपते. शेवटचे हाऊस बसून खाते.

जादा फेऱ्या मारलेल्या मुलांची मी असेंब्लीत माफी मागितली. चूक मांडणीत होती आणि शिक्षा त्यांना झाली होती. पुढे तुमच्यापैकी पुष्कळ जण हुकूम देणारे होणार आहेत. माणसे संथ आहेत असे वाटले, तर आधी ती कुठे थांबतात ते जाऊन पाहा.

स्वाध्याय

१. आपल्या हॉस्टेलमधले रोजचे एक काम निवडा (धोबीघर, बूट पॉलिश, ग्रंथालय). त्यात वेळ नेमका कुठे जातो, ते तीन दिवस घड्याळ लावून टिपा.

२. तुम्ही रोज पाळता असा एक नियम घ्या आणि त्यामागचे कारण शोधा. सापडले नाही तर आपल्या हाऊस मास्टरांना विचारा.

३. मॅकडोनाल्ड बंधूंच्या जागी तुम्ही असता तर नाव विकले असते का? आपली बाजू १० ओळींत मांडा.